आतल्या माणसाला विचारून

"काकू, पुसून टाकू का सगळं?"

दुरुस्तीवाल्याने विचारलं तेव्हा मी त्याच्यासाठी चहा घेऊन येत होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि हा टक्कल पडलेला गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून, नातेवाइकांना बाहेर बोलावून घेणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा करून बसला होता.

"पुसून म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं काढायचं आणि आपलं नेहमीचं विंडोज घालायचं. तासाभरात वायफाय सुरू. अहो, ह्याच्यावर लिनक्स आहे. घरात कोण वापरतं हे?"

"आमचे हे वापरतात."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. दाराच्या चौकटीतून लोखंडी कठड्याचा पलंग दिसत होता आणि त्यावर छताकडे तोंड करून पडलेले हे. नेमकं तेव्हाच हे मोठ्याने हसले. दुरुस्तीवाल्याच्या बशीत चहा सांडला.

"मला हसले का?"

"नाही हो. आजारानंतर हसू-रडू त्यांच्या ताब्यात राहिलेलं नाही. कधीही येतं."

"कळतं का त्यांना काही?"

त्या दिवसांत हा प्रश्न मला जो तो विचारी. मी म्हणाले, "कळत असावं."

"मग काय करायचं?"

"काही नको. आहे तसं बंद करून ठेवा."

"हट्टी आहात काकू."

"हट्ट त्यांचा आहे. मी नुसती सांभाळतेय."

ह्यांचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. मोठमोठ्या कचेऱ्यांतले साहेब ह्यांच्या जिवावर वरखाली करत, पण तोंडओळख कुणाशीच नव्हती. चालू लिफ्टमध्ये उभं असताना मेकॅनिकची आठवण कुणाला येणार? वस्तीतली मुलं मात्र त्यांना लिफ्टकाका म्हणत. संध्याकाळी ते घरी आले की ग्रीसचा वास त्यांच्याआधी आत यायचा. मी एका कचेरीत टायपिस्ट होते, माझ्या बोटांना रिबिनीची शाई असायची. हे म्हणायचे, "आपल्या दोघांच्या हातांकडे पाहून कुणाला वाटेल, कुठला तरी गुन्हा करून आलोत."

लिफ्ट मध्येच अडकली, की आतल्या माणसांशी बोलण्याची ह्यांची एक पद्धत होती. लिफ्टच्या विहिरीत आवाज घुमतो, ओरडलेले शब्द एकमेकांत मिसळून जातात. टकटक घुमत नाही. म्हणून हे वरून एकच वाक्य सावकाश, तोडून तोडून सांगत, "मी मेकॅनिक. एकदा ठोकलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही." मग प्रश्न सुरू. "बरे आहात ना?" असं ते कधीच विचारत नसत.

"त्याला सगळे हो म्हणतात," ते मला सांगत. "घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 'दिवा चालू आहे का?' असं विचारायचं. आणि शंका आली तर तोच प्रश्न उलटा करून. 'दिवा बंद आहे का?' दोन्ही उत्तरं जुळली तर माणूस शुद्धीवर आहे."

निवृत्तीनंतर त्यांनी हा जुना लॅपटॉप घेतला. एका मासिकाबरोबर लिनक्सची तबकडी आली होती, ती घातली. मुलाने परदेशातून फोनवर खूप समजावलं, "बाबा, सोपं काहीतरी वापरा." हे ऐकतात कसले! "ज्याचं झाकण मला उघडता येत नाही, ती वस्तू माझी नाही," म्हणाले. झाकण उघडलं खरं, पण वायफाय लागेना. पूर्ण उन्हाळा त्यात गेला. बाहेरच्या खोलीत इंटरनेटची पेटी, पेटीला वायर, वायरीला लॅपटॉप आणि लॅपटॉपला हे, असे बांधलेले असत. जेवायला हाक मारली तर "एक मिनिट" म्हणायचे, आणि ते मिनिट वाढलेलं ताट गार करून संपायचं. कुठल्या तरी देशातला, कधी न पाहिलेला माणूस ह्यांना लिहून मदत करत होता. त्याच्याबद्दल हे असं बोलत, जसा काही शेजारच्या लिफ्टवर काम करणारा जुना सोबती.

एके दिवशी मी भांडी घासत होते आणि हे उघडा लॅपटॉप परातीसारखा दोन्ही हातांवर धरून स्वयंपाकघरात आले.

"बघ! वायर कुठे आहे? नाही ना? इथेही येतंय!"

मग ते गॅलरीत गेले. तिथून ओरडले, "इथेही!" कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, "इथे जरा कमी!" मी हसून हसून खाली बसले. साठी उलटलेला माणूस घरभर असा फिरत होता, जणू आपलंच घर पहिल्यांदा पाहतोय.

आणि मग ती सकाळ आली, जिच्याबद्दल मला फार लिहायचं नाही. मेंदूत गुठळी झाली. दोन्ही पाय, उजवा हात, जीभ, गळा, सगळं एका फटक्यात गेलं. डावं मनगट थोडं हलत राहिलं. इस्पितळात मोठे डॉक्टर पलंगाशी यायचे आणि वाकून विचारायचे, "काय आजोबा, बरं वाटतंय?" हे हसत, नाहीतर रडत. डॉक्टर मुलाला फोनवर म्हणाले, समज फारशी उरलेली दिसत नाही. मुलाने ते ऐकलं आणि धरून ठेवलं. त्याचा दोष नाही. इतक्या दूर बसलेला माणूस काहीतरी धरून ठेवणारच.

"आई, मी एक चांगलं शुश्रूषागृह पाहिलंय. आपल्याच शहरात आहे," तो म्हणाला. "चोवीस तास माणसं असतात. तुझ्याच्याने हे होणार नाही."

"आणि त्यांना काय वाटेल?"

"आई, बाबांना आता काही वाटत नाही गं."

एवढं एकच वाक्य मला खोटं पाडायचं होतं. त्यांना न्यायचं की ठेवायचं हे नंतर पाहू. पण जो माणूस खोलीत आहे, त्याला नाही असं समजून कुणी काही ठरवू नये.

दुरुस्तीवाला गेला त्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन ह्यांच्या पलंगाशी बसले. रविवारी मुलाशी त्याच्यावरून बोलणं व्हायचं. तेव्हा आमच्या साध्या फोनवर माणसं दिसत नसत. बाहेरच्या पेटीला वायर लावून मी एकटी मुलाला दिसत होते, पण वायर आत पलंगापर्यंत पोचत नव्हती, आणि पलंग दारातून निघत नव्हता. वायफाय आलं असतं तर मुलाने बापाचा चेहरा पाहिला असता. चेहरा पाहिला की कळेल, अशी माझी आशा.

मी पडद्यावरचं मोठ्याने वाचत बसले. म्हटलं, "दुरुस्तीवाला म्हणतो, आतला ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, गेलाय."

कठड्यावर टक टक झालं.

मला वाटलं हात थरथरला. मी पुन्हा म्हणाले, "ड्रायव्हर गेलाय म्हणे."

टक टक.

"तुम्ही नाही म्हणताय?"

टक.

मी उठून उभी राहिले, पुन्हा बसले. काय विचारावं सुचेना. मग त्यांचंच आठवलं. विचारलं, "खोलीतला पंखा चालू आहे का?" टक. "पंखा बंद आहे का?" टक टक.

मी त्यांच्या उशीवर डोकं ठेवून रडले. हेही रडले. ते रडू त्यांचं होतं की आजाराचं, हे विचारायला मला सुचलं नाही.

पुढचे दिवस आम्ही दोघं कामाला लागलो. मी लॅपटॉप त्यांच्या डोळ्यांसमोर तिरपा धरायचे आणि कळफलकावरून एकेका अक्षरावर बोट न्यायचे. हवं ते अक्षर आलं की टक. आयुष्यभर मी टायपिस्ट होते. समोर आलेलं अक्षर मारायचं, अर्थ साहेबांचा. ती सवय आता कामाला आली. आर झालं, एफ झालं, के झालं, मग आय आणि दोनदा एल.

"अहो, हा काय शब्द आहे? असा शब्द असतो?"

टक.

"नक्की? की झोपेत ठोकताय?"

टक टक. आणि डोळ्यांत असा काही भाव की जीभ चालती तर मला चार शब्द ऐकावे लागले असते.

मग जागा सोडायची, हे कळायलाच मला अर्धी दुपार लागली, कारण मोकळ्या लांब पट्टीवर बोट न्यायचं माझ्या डोक्यातच येईना. पुढे एल, आय, एस, टी. मी कळ दाबली. पडद्यावर काही ओळी उमटल्या. मी वाचून दाखवल्या. "सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस."

आणि हे हसले. हे हसणं वेगळं होतं. आजाराचं हसू घशातून यायचं आणि थांबायचं नाव घ्यायचं नाही. हे पोटातून आलं, छोटंसं, आणि जागच्या जागी थांबलं. हे हसू त्यांचं होतं.

"काय झालं? सोपं आहे?" टक. "काही टाइप करायचं?" टक टक. "मग? लॅपटॉपलाच काही करायचंय?" टक.

मी लॅपटॉप हातात घेतला आणि आंधळ्याने भिंत चाचपावी तसं बोट त्याच्या कडेने फिरवू लागले. "इथे?" टक टक. "इथे?" टक टक. पुढच्या कडेला, खालच्या अंगाला, नखाएवढं एक बटण होतं, बाजूला सरकणारं. बोट तिथे गेलं आणि जोरात टक झालं. मी ते सरकवलं. वायफायचा निळा दिवा लागला.

एवढंच. इस्पितळाच्या धावपळीत लॅपटॉप इकडचा तिकडे झाला, तेव्हा कुणाच्या तरी हाताने ते बटण बंद झालं असणार. दुरुस्तीवाला आतलं सगळं पुसून टाकायला निघाला होता, आणि बाहेरचं एक बटण सरकवायचं होतं. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेले, गॅलरीत गेले आणि तिथून ओरडले, "इथेही येतंय हो!" आतून टक ऐकू आलं.

रविवारी मी ह्यांची दाढी करून दिली, केस विंचरले, स्वच्छ सदरा घातला. लॅपटॉप पायाशी टेबलावर असा ठेवला की दोघंही दिसू. मुलगा पडद्यावर आला. बापाला पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, कसे आहात?"

"असं नाही विचारायचं," मी म्हणाले. "असं विचार की हो किंवा नाही म्हणता येईल. ते ठोकून उत्तर देतात. हे वायफाय त्यांनीच सुरू केलं, माहीत आहे?"

"तू केलंस ना आई? कमाल आहे तुझी."

"मी नाही रे! ते सांगत होते, मी बोट फिरवत होते. विचार ना काहीतरी."

मग तो, लोक आजारी माणसाशी बोलतात त्या गोड आवाजात म्हणाला, "बाबा, मी लहान असताना तुम्ही मला लिफ्टच्या छतावर बसवून नेलं होतं. आठवतं?"

टक. स्पष्ट, खणखणीत.

"ऐकलंस?" मी म्हणाले.

"काय?"

"ठोकलं त्यांनी! हो म्हणाले!"

"मला काही ऐकू नाही आलं आई."

"अहो, पुन्हा ठोका. जोरात."

टक. टक. टक. सगळी ताकद लावून ठोकत होते ते. कपाळावरची शीर फुगली होती. खोलीभर तो आवाज झाला, आणि पडद्यावर माझा मुलगा कान देऊन, डोळे बारीक करून बसलेला. त्याला काही ऐकू येत नव्हतं. चित्रही अडखळत होतं. मध्येच गोठायचं, मध्येच पुढे उडी मारायचं.

"आई, बाबांचा हात थरथरतोय का? डॉक्टरांना सांगितलंस?"

मी लॅपटॉप उचलायला धावले, पण तेवढ्यात ह्यांना हसू आलं, ते घशातलं, न थांबणारं. ते हसत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मुलाने मान फिरवली.

"आई, तू दमली आहेस," तो फार मऊ आवाजात म्हणाला. "हो, ते ठोकतात, बरं. तू थोडी झोप घे." शुश्रूषागृहातल्या जागेची सगळी व्यवस्था झाली आहे, पुढच्या आठवड्यात गाडी येईल, हेही त्याने त्याच आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो चांगला माणूस होता, मनापासून ऐकून घेतलं त्याने.

"काकू, तो प्रोग्रॅम माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवतो. खुटखुट, ठकठक कचरा समजून गाळून टाकतो. आवाजाच्या भरवशावर राहू नका. काकांचा हात कॅमेऱ्याजवळ धरा आणि मुलाला म्हणा, हात बघ."

एवढं सोपं होतं तर! मी फोन ठेवला आणि त्याच उत्साहात ह्यांची कूस बदलायला गेले. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर त्यांना वळवताना कंबरेत काहीतरी चमकलं आणि मी पलंगाच्या कडेने घसरत खाली बसले. उठता येईना. खालून मला फक्त कठडा दिसत होता आणि त्यावरची ह्यांची बोटं. ते ठोकत होते. थांबून थांबून नाही, हो-नाही असं काही नाही. नुसतं ठोकत होते, एकसारखं, कुणीतरी यावं म्हणून. कुणी आलं नाही. बऱ्याच वेळाने मीच कठडा धरून उठले.

"काही नाही झालं," मी म्हणाले. "वय झालंय, दुसरं काय."

ते माझ्याकडे पाहत राहिले.

गाडी यायच्या आधीच्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. मुलाला मी संध्याकाळी वेळ काढायला सांगितलं होतं.

"हे बघा, आज पुन्हा लावू. लॅपटॉप तुमच्या हाताशी धरते. मी काही विचारणार नाही, त्यालाच विचारू दे. एकदा त्याला कळलं की गाडी परत पाठवू. चालेल ना?"

टक टक.

मला वाटलं, ऐकायला चुकले. "मुलाशी बोलायचं नाही?"

टक टक.

"त्याला कळायला नको, तुम्हाला समजतंय ते?"

टक.

"अहो, असं काय करता? मग ते तुम्हाला नेतील ना!"

टक.

मग मी विचारलं, "तुम्हाला तिकडे जायचंय?" टक. आवाज माझाच मला ओळखू येईना. प्रश्न उलटा करून विचारला, "इथे राहायचंय?"

बोटं कठड्यावर टेकलेली होती. ती लगेच हलली नाहीत. मग, टक टक.

मी लॅपटॉप ओढून घेतला. कळफलकावर बोट फिरवायला लागले, भराभर, रागाने. के आलं तेव्हा टक. ए. एम. बी. पुढची दोन अक्षरं मी विचारली नाहीत. माझी कंबर मला ठाऊक होती.

त्या घटकेला मला एकच सोपी वाट होती, आणि ती सगळ्यांनी माझ्यासाठी आधीच तयार ठेवली होती. म्हणायचं, त्यांना काय कळतंय, हात थरथरतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, मुलाने सांगितलं होतं. एवढं म्हटलं असतं, की मी त्यांना हवं तितकं घरी ठेवून घ्यायला मोकळी होते. पण त्यांच्या 'हो'ला हो मानणारी मी एकटीच उरले होते. मीही मानलं नाही तर त्या माणसाचं बोलणं ह्या जगात कुणाकडेच पोचणार नव्हतं.

संध्याकाळी मुलाला फोन करून म्हटलं, आज नको, ते झोपलेत. त्यांचे सदरे घड्या करून पिशवीत भरले. कुठला वर ठेवू, कुठला खाली, हे मी त्यांना विचारून विचारून भरलं. निळा वर, हे त्यांनी ठरवलं.

गाडी सकाळी आली. निळ्या गणवेशातली दोन माणसं चाकांचं स्ट्रेचर घेऊन आत आली. पुढचा दांडगा होता. त्याने सराईतपणे कठडा खाली केला, चादरीची दोन टोकं मुठीत धरली आणि साथीदाराला खूण केली.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांना विचारून उचला."

"आजी, ह्यांना काही कळत नाही, असं सांगितलंय आम्हाला."

"सांगू दे. तुम्ही विचारा."

"काय विचारू?"

"उचलू का, असं विचारा. आणि थांबा."

त्याने साथीदाराकडे पाहिलं. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून असेल, पण तो वाकला, तोंड ह्यांच्या तोंडाजवळ नेलं आणि म्हणाला, "आजोबा, उचलू का?"

आणि तो थांबला. कठडा खाली गेला होता, हात चादरीवर होता. बोटाचं पेर उचललं गेलं आणि कापसाच्या गादीवर पडलं. काही आवाज झाला नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण तो आधीच हाताकडे पाहत होता.

"हो म्हणाले," तो साथीदाराला म्हणाला. "धर तिकडून. हळू."